ट्रंकेतलं आधी काय वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावचं घर विकताना आजोबांची पत्र्याची ट्रंक मुंबईच्या फ्लॅटवर आली. आत दोनेकशे फोटो, त्यांतले काही चिकट पानांच्या अल्बममध्ये आणि एक चौकटीच्या काचेलाच चिकटलेला. शिवाय पोस्टकार्डांचा गठ्ठा, मोडी लिपीतले काही कागद, अकरा कॅसेट आणि एक जरीचं लुगडं. आजी ८६ वर्षांच्या आहेत आणि हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. सुरुवात कुठून करायची? आणि सगळं स्कॅन झालं की मूळ वस्तू टाकून दिल्या तर चालतील का?

आधी आजी, त्यांच्याबरोबरच त्याच आठवड्यात कॅसेट, मग रंगीत फोटो, मग कृष्णधवल फोटो आणि निगेटिव्ह, त्यानंतर कागद आणि शेवटी लुगडं, असा क्रम ठेवा. नीट धुतलेला चांदीच्या क्षारांवरचा कृष्णधवल फोटो कोरड्या जागी शंभर वर्षं सहज टिकतो. त्यातल्या मागच्या रांगेतल्या तिसऱ्या बाईचं नाव मात्र एकाच माणसाला ठाऊक असतं. लोक नेमकं उलटं करतात. आधी चांगला स्कॅनर कोणता याची चौकशी सहा महिने चालते आणि तोवर सांगणारं माणूस सांगण्याच्या पलीकडे गेलेलं असतं.

पहिल्या दिवशी फक्त दोन कामं करा. ट्रंक पुस्तकांच्या किंवा कपड्यांच्या कपाटाजवळ ठेवू नका, कारण कसर आणि वाळवी तिथे पसरेल. डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते, जरीवर बसते आणि बंद खोलीत माणसालाही बरी नाही. दुसरं काम म्हणजे काहीही हलवण्याआधी मोबाइलने वरून थरांचे फोटो काढा. मग एकेक वस्तू बाहेर काढताना तिची पुढची आणि मागची बाजू टिपा. कोणत्या पाकिटात काय होतं, कशाबरोबर काय बांधलं होतं, हा क्रम हीच एक माहिती असते. गठ्ठ्याची दोरी सुटली की ती कायमची गेली.

आता आजी. त्यांच्यासमोर मूळ फोटो ठेवू नका. मोबाइलवरचे फोटो मोठे करून साध्या कागदावर छापून घ्या, एका कागदावर एकच फोटो. नजर कमी असलेल्या माणसाला दोन इंचांच्या फोटोत चेहरा दिसतच नाही आणि आपल्याला वाटतं की आठवत नाही. बैठक सकाळी घ्या, चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नको, फोटो सहा ते आठच. विस्मरणाचा आजार असेल तर संध्याकाळी गोंधळ वाढतो, त्या वेळी विषय काढूच नका.

पहिली दहा मिनिटं फोटो न दाखवता बोला. फोटो समोर आला की आठवण त्या चौकटीपुरती आक्रसते: माणूस दिसतं तेवढंच सांगतं आणि चौकटीबाहेरचं घर, विहीर, गोठा राहून जातो. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, म्हणून लग्नाआधीची पाच-सात वर्षं आणि संसाराची पहिली दहा इथून सुरुवात करा. घराचा नकाशा काढायला लावणं ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडते. कागद-पेन्सिल द्या आणि विचारा, दारातून आत आलं की उजवीकडे काय होतं? न्हाणीघर कुठे, जातं कुठे, कोण कुठे झोपायचं? जागा आठवली की माणसं आपोआप येतात.

मग फोटो. 'हे कोण, ओळखलं का?' हा प्रश्न परीक्षेसारखा आहे. उत्तर आलं नाही तर माणूस ओशाळतं आणि पुढच्या पाच फोटोंना 'माहीत नाही' म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी 'हे कुठल्या घरी काढलंय?', 'हे लुगडं कुणी घेतलं होतं?', 'फोटो काढायला कोण आलं होतं?' असं विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. फोटो काढणारा माणूस फोटोत कधीच नसतो, त्यामुळे घरातला एक जण हमखास गहाळ राहतो. चुकीचं वाटलं तरी मध्येच दुरुस्त करू नका.

नावं लिहिताना आपल्याकडे तीन घोळ होतात. पहिला माहेरच्या नावाचा. लग्नात नाव बदलायची पद्धत असल्याने एकच बाई माहेरच्या पत्रांत एका नावाने आणि सासरच्या फोटोमागे दुसऱ्या नावाने येते. दोन्ही नावं लिहा, माहेरचं आडनाव आणि गावही लिहा. दुसरा घोळ हाकेच्या नावांचा. बापू, अण्णा, ताई, माई प्रत्येक पिढीत असतात. पाळण्यातलं नाव, कागदोपत्री नाव आणि हाकेचं नाव असे तीन रकाने करा. तिसरा घोळ नात्याचा. आजींनी 'आमचे भाऊजी' म्हटलं आणि तुम्ही 'भाऊजी' लिहिलंत, तर वीस वर्षांनी ते कुणाचे कोण, हे कळणार नाही. एक माणूस धरा, समजा आजोबा, आणि सगळी नाती त्यांच्यापासून लिहा: 'आजोबांचे धाकटे चुलतभाऊ'. पडताळा घ्यायचा तर छापील कुलवृत्तांत आहे का ते पाहा. घराणं यात्रेला जाणारं असेल तर नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गावावरून पूर्वजांची नावं सापडू शकतात.

दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. आठवण ही फीत नव्हे. ती प्रत्येक वेळी सांगताना नव्याने रचली जाते आणि त्यात दुसऱ्याकडून ऐकलेलंही मिसळतं. लहानपणीच्या फोटोतला प्रसंग 'आठवतो' असं सांगणाऱ्याला बहुधा तो फोटोच आठवत असतो. म्हणून निवाडा करू नका. 'आजींच्या मते सांगलीची मावशी. काकांच्या मते शेजारीण', पुढे बोलल्याची तारीख, एवढं पुरे.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल चालतो. तो विमान मोडवर टाका आणि तोंडापासून हात-दीड हात अंतरावर जाड रुमालावर ठेवा, नाहीतर टेबलावरचा प्रत्येक कप वाजतो. पंखा बंद करा आणि कुकर लावू नका. सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर माणसांची नावं मोठ्याने बोला. फोटोला क्रमांक देऊन 'आता सतरा नंबर' असं म्हणा. हे केलं नाही तर पुढे ऐकताना 'ही ती, हिच्या बाजूची' यातून काहीच उमजत नाही.

जे आजींना सांगता येणार नाही ते बऱ्याचदा कागदच सांगतो. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. छापील दर आण्यांत असेल तर कार्ड १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांआधी छापलेलं. 'नये पैसे' असेल तर ते १९५७ ते १९६४ मधलं, कारण जून १९६४ मध्ये 'नये' गळलं. अर्थात जुनी कार्डं घरात पडून नंतरही वापरली जात, म्हणून ही कार्ड छापल्याची वेळ समजा, पत्र त्यानंतरचंही असू शकतं. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तारीख जानेवारी ते फाल्गुनअखेर यांमधली असेल तर ७९ मिळवा. मोडी कागदांत फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, भेटतं. ते मृगापासून सुरू होतं, त्यात ५९० मिळवा आणि तारीख जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ५९१. फोटो चौकोनी असेल तर १२० फिल्मवरच्या आग्फा क्लिक-३ सारख्या कॅमेऱ्याची शक्यता मोठी, कारण तो एका रिळावर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा चौकटी काढायचा.

कॅसेटना घाई का, तर फितीपेक्षा यंत्रं लवकर संपतायत. प्रथम प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकच्या दोन्ही पाकळ्या तोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही. जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून काढून थेट आजोबांची कॅसेट लावू नका. फीत खाल्ली जाते ती बहुतेक वेळा रबरी पट्टा सैल पडल्याने: पुढची चकती फीत ओढून घेत नाही आणि ती रबराच्या चाकाभोवती गुंडाळत जाते. पट्टा बदलून घ्या, हेड (फीत ज्याला घासून वाजते तो भाग) ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा आणि आधी टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा.

खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वाजवू नका, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या दहाही कॅसेटमध्ये जाईल. ती वेगळ्या पिशवीत ठेवून फिती साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. फितीमागचा फेल्टचा बारीक तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका आणि कमी-जास्त येतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून फीत चांगल्या कवचात घालता येते. बाकीच्या कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं दबलेले वेटोळे सुटे होतात. नव्वद मिनिटांची फीत साठ मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, तिला वारंवार थांबवू-फिरवू नका.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार जोडा आणि ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल मुद्रित करा. तासाला साधारण एक जीबी होतो. आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. खरखर काढायची तर प्रतीवर काढा, मूळ फाइलवर नाही. आणि बाजू शेवटपर्यंत चालू द्या. घरच्या कॅसेटवर आधी नाट्यगीतं, मग दहा मिनिटं शांतता आणि त्यानंतर बारशाचा गलका, असं सर्रास असतं. त्यातला एखादा आवाज आजींना ऐकवलात तर दहा फोटोंनी न आलेलं बाहेर येऊ शकतं.

फोटोंकडे वळू. रंगीत फोटो लालसर झालेत ते उन्हाने नव्हे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कागदांतला निळसर रंग अंधारातसुद्धा, नुसत्या उष्णतेने आणि दमटपणाने विरत जातो. लाल मागे उरतो. म्हणून बंद ट्रंकेतही ते वाचले नाहीत आणि यापुढेही थांबणार नाहीत. ते आधी स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके), दोन-तीन इंचांच्या फोटोला १२००, निगेटिव्हला २४०० ते ३२००. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, कारण पिवळेपणा आणि शाईचे डाग ओळखायला ते उपयोगी पडतं. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० ला टिफ प्रकारच्या फाइलमध्ये साधारण २६ एमबी होतो, म्हणजे दोनशे फोटोंना पाच-सव्वापाच जीबी. मागे एखादं अक्षर किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. रंग सुधारणं, ओरखडे भरणं, कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवणं हे सगळं वेगळ्या फोल्डरमध्ये आणि फाइलच्या नावात 'सुधारित' लिहून. यंत्राने लुगड्याला दिलेला हिरवा रंग पुढची पिढी खरा मानेल.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला लागतो आणि ओढलं की चेहरा काचेवर राहतो. पाण्यात भिजवायचा सल्ला कुणीतरी देईलच. हाताने रंगवलेल्या स्टुडिओ फोटोचा रंग त्यात धुऊन जातो आणि आपल्याकडचे कित्येक भिंतीवरचे फोटो तसेच असतात. काचेसकट स्कॅनरवर उपडा ठेवून स्कॅन करा आणि काचेसकट जपा. पुढच्या वेळी चौकट करताना फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची कड घालून फट ठेवायला सांगा. भिंतीवर प्रत लावा.

चिकट पानांच्या अल्बममधला डिंक पिवळा पडत जातो आणि वरचं पीव्हीसीचं प्लास्टिक फोटोला लागतं. आधी पूर्ण पान जसंच्या तसं स्कॅन करा. मग दात साफ करायचा, मेण नसलेला धागा कोपऱ्याकडून फोटोमागे सरकवून करवतीसारखा पुढे-मागे न्या. पान वाकवा, फोटो वाकवू नका. धागा अडला की थांबा, पान कात्रीने भोवतीने कापा आणि फोटो पाठच्या पानासकट ठेवून द्या. निगेटिव्हच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्मचा पाया कुजतोय. ती पाकिटं बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, कारण त्या वाफेने शेजारच्या फिल्मही बिघडतात.

फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, ठसा पुढे उमटतो. जुन्या कागदी फोटोवर मऊ, टू-बी किंवा फोर-बी पेन्सिलने, कडेला, कडक पृष्ठभागावर ठेवून फक्त क्रमांक लिहा. प्लास्टिकचा थर असलेल्या नंतरच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर लिहा आणि फोटो त्यानंतर आत घाला.

पोस्टकार्डांच्या टाचण्या आणि तारा गंजतात, त्या सरळ करून काढा. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत प्लास्टिक गळून पडतं आणि चिकट तपकिरी डाग कागदात मुरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. फाटलं असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, नाहीतर नुसतं पाकिटात. मोडी कागदांवरची काजळीची शाई उन्हाने फिकी पडत नाही, पण पाण्याने निघते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. कडक झालेली घडी उघडताना मोडत असेल तर उघडू नका. हे कागद 'वाचता येत नाहीत' म्हणून फेकू नका. त्यांत जमिनीचे, देण्याघेण्याचे दस्त असतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही जाणकार भेटतात. कसर लागलेले कागद किंवा वह्या प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर आतल्या वस्तूला घाम फुटेल. फोटो आणि काचेच्या वस्तू यात घालू नका.

लुगडं धुऊ नका. जुन्या धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती चादरीत गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी वेगळ्या जागी पाडा, कारण जरीची तार घडीवरच तुटते. प्लास्टिक आणि रबरबँड नको. वेखंड ठेवायचं तर पुरचुंडीत, कापडाला न लागता.

मुंबईत खरा शत्रू पाऊस. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते आणि जुलैत ती ८०-९० असते. झाकण घट्ट बसणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. वीस लिटरच्या डब्यात ओल शोषणारं नारिंगी सिलिका जेल पाव किलो, कापडी पिशवीत. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळा. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० हवा. ३० च्या खाली गेला तर फोटो वळतात, तेव्हा थोडं जेल काढा. मात्र डबा भर पावसात भरलात तर कागदातला दमटपणाच आत कोंडला जाईल. डिसेंबर ते मार्चमध्ये भरा. आताच भरायचं असेल तर वस्तू दोन दिवस वातानुकूलित खोलीत सुट्या ठेवा. डबे बाहेरच्या भिंतीला लागून, माळ्यावर किंवा जमिनीवर नकोत. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला तळमजल्याच्या कपाटांचे खालचे कप्पे आधी गेले. फोटो भिजलेच तर एकमेकांवर वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून पाण्याखालीच सुटे करा आणि ४८ तासांच्या आत चित्र वर ठेवून सावलीत वाळवा. एरवी फोटो फ्रीझरमध्ये नकोत, पण हे जमत नसेल तर मध्ये बटरपेपर घालून फ्रीझरमध्ये टाका.

फाइलींच्या तीन प्रती करा: संगणकात, वेगळ्या हार्डडिस्कवर आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. नावांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्याच फोल्डरात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर २६ एमबीचा फोटो काही शे केबीचा होऊन पोचतो आणि पुढे तोच 'मूळ' म्हणून फिरतो.

मूळ वस्तू टाकायच्या का? सगळ्या नाही. एकाच फोटोच्या चार प्रतींतल्या तीन, हललेले फोटो आणि कुणीच नसलेली सहलीची दृश्यं वाटून टाका किंवा काढा. दोनशेपैकी पन्नास-साठ फोटो पूर्ण नावांनिशी नोंदवून झाले, तर ते दोनशे निनावी फोटोंपेक्षा मोलाचे. पण माणसं असलेले फोटो, पत्रं, निगेटिव्ह आणि कॅसेट ठेवाच. पुढे आजच्यापेक्षा चांगला स्कॅन होईल, आणि मागच्या बाजूचं पुसट अक्षर तिरक्या उजेडात मूळ कागदावरच वाचता येतं. आणि ट्रंक? ती आतून गंजली असेल तर कागद पुन्हा थेट तिच्यात नकोत. घासून, रंगवून, रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत महिनाभर उघडी ठेवा आणि मग डबे तिच्या आत ठेवा, चार विटांवर.